गृह मंत्रालयाचा रकाना आणि आपली मोजणी

गृह मंत्रालय म्हटले की आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोर आधी खाकी वर्दी येते. मग सीआरपीएफ, एनआयए, गुप्तचर खाते आणि टीव्हीवर दिसणारे गृहमंत्री. वस्त्यांमधल्या बैठकांत आम्ही हा विषय काढतो तेव्हा बहुतेक जण म्हणतात, ते दिल्लीचे प्रकरण, आपला संबंध ठाणेदाराशी. यात चुकीचे काही नाही. पोलीस हा घटनेच्या सातव्या परिशिष्टातला राज्याचा विषय आहे. तालुक्याच्या ठाण्यात ॲट्रॉसिटीची फिर्याद घ्यायला टाळाटाळ झाली, तर जाब राज्याच्या गृह विभागाला विचारायचा असतो.

पण त्याच परिशिष्टात, केंद्राच्या यादीत ६९ व्या क्रमांकावर एक विषय आहे: जनगणना. ती करणारे महानिबंधक व जनगणना आयुक्तांचे कार्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाताखाली चालते. या मंत्रालयाच्या काठीपेक्षा त्याच्या लेखणीने बौद्ध समाजाचे जास्त बरेवाईट केले आहे, असे आमचे मत आहे. आणि ती लेखणी आता पुन्हा आपल्या दारात येते आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केला. १६ जून २०२५ ला गृह मंत्रालयाने अधिसूचना काढली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. पहिला टप्पा घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळातला. दुसरा टप्पा माणसे मोजण्याचा, फेब्रुवारी २०२७ मध्ये. घरयादीला आपले लोक फारसे महत्त्व देत नाहीत. भिंत कशाची, नळ आहे का, मोबाइल आहे का, एवढेच विचारतात असा समज आहे. पण त्याच यादीत कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा आहे का, हाही प्रश्न असतो. दारात उभ्या उभ्या दिलेल्या त्या उत्तरावर पुढे पुष्कळ काही ठरते.

१८८१ पासून या देशात दर दहा वर्षांनी शिरगणती झाली. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४१ मध्येसुद्धा ती चुकली नाही. २०२१ ची मात्र चुकली. २०२० मध्ये कोरोनाचे कारण खरे होते. नंतरच्या वर्षांत ते कारण लागू होते हे आम्हाला पटलेले नाही. २०११ च्या मोजणीच्या वेळी पाळण्यात असलेले मूल २०२७ मध्ये दहावी ओलांडून गेलेले असेल, आणि अन्नसुरक्षेच्या लाभार्थ्यांपासून जिल्हा परिषदेच्या राखीव गटांपर्यंत सगळे हिशेब अजून त्याच जुन्या आकड्यांवर चालले आहेत. आपल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सरकारदरबारी आजही २५ लाख ८६ हजार आहे.

या मंत्रालयाचा वंशवृक्ष थोडा पाहू. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १८४३ मध्ये, हिंदुस्थान सरकारचे गृह खाते बंगालच्या कारभारातून वेगळे झाले. तुरुंग, पोलीस, न्याय, अंतर्गत बंदोबस्त असा त्याचा पसारा होता, म्हणजे थोडक्यात राज्य टिकवणे. २ सप्टेंबर १९४६ ला अंतरिम सरकारात सरदार पटेलांनी हे खाते घेतले आणि स्वतंत्र भारतात ते गृह मंत्रालय म्हणून पुढे चालू राहिले. संस्थानांचे विलीनीकरण आणि आयएएस-आयपीएस सेवांची उभारणी ही त्या काळातली मोठी कामे शाळेत शिकवली जातात. जनगणनेचे कायमस्वरूपी कार्यालय १९४९ मध्ये याच मंत्रालयाखाली सुरू झाले, ही मात्र कुणी न सांगितलेली गोष्ट. इंग्रजांच्या काळात दर दहा वर्षांनी तात्पुरते कार्यालय थाटायचे आणि गुंडाळायचे अशी पद्धत होती. १९४८ च्या जनगणना कायद्यानंतर ते कायमचे झाले.

दुसरी विसरलेली गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. अनुसूचित जातींचा विषयच मुळात गृह मंत्रालयाचा होता. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्याचे पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव झाले, तो याच मंत्रालयाने संसदेत आणला. मध्ये काही वर्षे हा विषय समाजकल्याणाकडे गेला, परत गृह मंत्रालयाकडे आला, आणि १९८५ मध्ये कल्याण मंत्रालय स्थापन झाले तेव्हा तिकडे गेला तो कायमचा. आजचे सामाजिक न्याय मंत्रालय म्हणजे त्याच कल्याण मंत्रालयाचे १९९८ मध्ये बदललेले नाव. सांगायचे एवढेच की धर्मांतरानंतरच्या निर्णायक वर्षांत बौद्धांना अनुसूचित जातीत धरायचे की नाही, या प्रश्नाचा आणि बौद्धांच्या मोजणीचा असे दोन्ही कागद बराच काळ एकाच छताखाली होते.

मोजणी हा राजकारणाचा विषय आहे हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात ‘फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स’ नावाचे एक प्रकरण आहे. १९११ च्या जनगणनेच्या वेळी आयुक्तांनी अस्पृश्य वर्ग वेगळा ओळखण्यासाठी दहा कसोट्या ठरवल्या, तिथपासून १९३२ च्या लोथियन समितीपर्यंतची हकिगत त्यात आहे. अस्पृश्यांच्या संख्येवर जोवर काही अवलंबून नव्हते तोवर तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. प्रतिनिधित्व संख्येला जोडले जाणार असे दिसताच काही प्रांतांत अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असे सांगितले जाऊ लागले. कोट्यवधी माणसे कागदावर बघता बघता आटली. आपल्या तरुणांनी हे प्रकरण जनगणनेआधी वाचावे. बाकी खंड सावकाश वाचले तरी चालतील.

आता १९५० कडे येऊ. त्या वर्षी १० ऑगस्टला राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानायचे नाही असे ठरवले. पंजाबातल्या मोजक्या शीख जातींचा तेवढा अपवाद होता. २५ सप्टेंबर १९५६ च्या दुरुस्ती कायद्याने ही सोय सरसकट शिखांना मिळाली. त्यानंतर बरोबर १९ दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. दुरुस्तीत ‘किंवा बौद्ध’ हे दोन शब्द तेव्हा नव्हते. ते यायला ३४ वर्षे लागली.

त्या वेळच्या बुलढाण्याचे एक वेगळेपण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर गेलेले आपले आजोबा-पणजोबा मध्य प्रदेश राज्याचे रहिवासी होते. दीक्षाभूमीही तेव्हा मध्य प्रदेशातच होती. दोन आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि बुलढाण्यासह विदर्भ मुंबई राज्यात गेला. त्या पुनर्रचनेसाठी फाजल अली आयोग नेमणारा २९ डिसेंबर १९५३ चा ठरावही गृह मंत्रालयाचाच. एकाच हिवाळ्याच्या तोंडाशी माणसांचे राज्य बदलले आणि धर्म बदलला. राज्याचा बदल सरकारने स्वतःहून नोंदवला. धर्माचा बदल नोंदवून घेण्यासाठी समाजाला झगडावे लागले.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये २७ लाख ८९ हजार ५०१. एका दशकातली ही वाढ पाहून आजही छाती भरून येते. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहायला लावण्यासाठी गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांची ती कमाई आहे. पण त्याच नोंदीने ही माणसे अनुसूचित जातींच्या रकान्यातून बाहेर गेली. राज्याच्या लोकसंख्येचे सात टक्के लोक अस्पृश्यतेचे चटके तेच सोसत होते, विहीर तीच होती, वस्ती गावाबाहेरच होती, फक्त केंद्राच्या कायद्यापुरते ते अनुसूचित उरले नाहीत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना राज्याने नवबौद्धांना आपल्या सवलती लागू केल्या. म्हणून आपल्या घरांत शिक्षण टिकले. केंद्राची नोकरी आणि लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा मात्र बंद झाल्या.

बंद म्हणजे किती बंद, ते नागपूरच्या एका खटल्यात दिसते. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम राखीव जागेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून निवड रद्द करा, असा अर्ज झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने निवड रद्द ठरवली. पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा निकाल आजही कायद्याच्या पुस्तकांत शिकवला जातो. बाबासाहेबांच्या वाटेने उघडपणे जाणारा माणूस बाबासाहेबांनी मिळवलेल्या राखीव जागेवर उभा राहू शकत नव्हता. लपून राहिला असता तर चालले असते.

त्याच सुमारास दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. लोकांनी तुरुंग भरले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दिलेल्या मागण्यांत जमीन तर होतीच. शिवाय संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, अशाही मागण्या होत्या. या दोन्ही पुऱ्या झाल्या त्या एकाच वर्षी. १२ एप्रिल १९९० ला मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये व्ही. पी. सिंग सरकारने तिसऱ्या परिच्छेदात ‘बौद्ध’ शब्द घातला. विषय तोवर गृह मंत्रालयाकडून कल्याण मंत्रालयाकडे गेलेला होता आणि रामविलास पासवान त्या खात्याचे मंत्री होते. खाते बदलले म्हणून काम झाले असे आम्ही म्हणणार नाही. सरकार बदलले, शताब्दी वर्ष आले, चळवळीचा रेटा होता. पण बंदोबस्ताची सवय असलेल्या खात्यात हक्काची फाईल कशी पडून राहते, याचा अंदाज यावरून येतो.

त्या दोन शब्दांचे वजन आकड्यांत पाहा. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती होत्या ४४.८० लाख, म्हणजे ७.१४ टक्के. १९९१ मध्ये ८७.५८ लाख, ११.०९ टक्के. दहा वर्षांत कुठलाही समाज दुप्पट होत नाही. माणसे तीच होती, रकाना बदलला. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो होतो की मोजणी लोकांना नुसते मोजत नाही, गट म्हणून घडवतेही. तेव्हा ते परीक्षेपुरते वाक्य वाटले होते.

राखीव जागांचा हिशेब याहून कठोर आहे. १९७६ च्या मतदारसंघ पुनर्रचनेला आधार होता १९७१ ची जनगणना. तीत राज्यात अनुसूचित जाती सुमारे ६ टक्के भरल्या, म्हणून विधानसभेच्या २८८ पैकी १८ जागा राखीव झाल्या आणि लोकसभेच्या ४८ पैकी ३. त्याच १९७१ मध्ये राज्यात बौद्ध साडेसहा टक्क्यांच्या आसपास होते. ते जवळपास सगळे पूर्वाश्रमीच्या अनुसूचित जातींतले. त्यांना धरले असते तर विधानसभेच्या राखीव जागा पस्तीसच्या घरात गेल्या असत्या. निम्म्याच मिळाल्या. पुढे आणीबाणीत पुनर्रचना गोठवली गेली आणि १९९० ची दुरुस्ती होऊनही जागा वाढल्या नाहीत. १९७८ ते २००४ अशा सात विधानसभा निवडणुका त्या १८ जागांवर पार पडल्या. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली तेव्हा कुठे १८ च्या २९ झाल्या आणि लोकसभेच्या ३ च्या ५. म्हणजे १९५६ च्या धर्मांतराची किंमत समाजाने २००९ च्या निवडणुकीपर्यंत चुकती केली. हा हिशेब आपल्या नेत्यांच्या भाषणांत आम्ही क्वचितच ऐकला आहे. त्यांना गट कसे फुटले ते पाठ असते, जागा कशा गेल्या ते नसते.

बुलढाण्याला तर हे अंगावर अनुभवायला मिळाले. जुन्या तीन राखीव लोकसभा जागांपैकी एक बुलढाणा होती, उरलेल्या दोन पंढरपूर आणि उस्मानाबाद. मुकुल वासनिक, आनंदराव अडसूळ इथून निवडून गेले. २००८ च्या पुनर्रचनेत बुलढाणा लोकसभा खुली झाली आणि शेजारचा अमरावती राखीव झाला. जिल्ह्यात विधानसभेला मेहकर राखीव आले. कोणती जागा राखीव करायची हे त्या त्या मतदारसंघातल्या अनुसूचित जातींच्या प्रमाणावरून ठरते, आणि ते प्रमाण येते जनगणनेतून. आपल्या जिल्ह्यात बौद्धांचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. त्यामुळे रकाना चुकला तर त्याचा फटकाही इथे दुप्पट बसतो.

आणि रकाना चुकतो, हे २०११ च्या आकड्यांवरून दिसते. राज्यात बौद्ध ६५.३१ लाख. त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंदलेले सुमारे ५२ लाख. उरलेले १३ लाख कुठल्याच सूचीत नाहीत असे नाही. त्यांत आदिवासी आणि इतर मागास समाजांतून आलेले बौद्ध असतील, बाहेरच्या राज्यांतले असतील. पण मोठा वाटा आपल्याच माणसांचा असावा, हे वस्त्यांत वावरणाऱ्या कुणालाही कळेल. कारण आपल्याकडे दोन प्रकारची घरे आहेत. एकात धर्म ‘बौद्ध’ आणि जातही ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ सांगतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ नोंदी आहेत. त्यांत हे दोन्ही शब्द नाहीत. प्रगणक नियमाने ते अनुसूचित जातीत धरू शकत नाही. दुसऱ्या प्रकारच्या घरात भीतीपोटी धर्म ‘हिंदू’ आणि जात ‘महार’ सांगतात. सवलत जाईल हे भय १९९० आधीचे आहे. ते तेव्हा खरे होते, त्यासाठी जुन्या पिढीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आज त्याला आधार नाही.

तेराच्या तेरा लाख जमेस धरले तर २०११ मध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ ऐवजी १३ टक्के होते. २८८ च्या सभागृहात हा फरक तीन जागांचा. ही वरची मर्यादा आहे, खरा आकडा खाली असेल. पण तीन जागा म्हणजे किती हे ज्यांनी तीन मतांनी सरपंचपद गेलेले पाहिले आहे त्यांना समजावून सांगायला नको. आणि विधानसभा तर लांब राहिली. ग्रामपंचायतीचा राखीव वॉर्ड, पंचायत समितीचा गण, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या योजनेत वस्तीच्या लोकसंख्येनुसार मिळणारे पैसे, राज्याच्या आणि केंद्राच्या अर्थसंकल्पात लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा निधी, सगळे याच मोजणीशी बांधलेले आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभेच्या जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबवून ठेवली होती. १ मार्च २०२७ या तारखेचा अर्थ त्या वाक्याबरोबर वाचावा लागतो.

जात सोडण्यासाठी धम्म घेतला, मग पुन्हा ‘महार’ लिहायचे कशाला, असा सवाल बैठकांत हमखास येतो. विचारणारे बहुधा प्रामाणिक असतात, पुष्कळदा वयाने मोठे असतात, बावीस प्रतिज्ञा त्यांना मुखोद्गत असतात. त्यांचा मान राखून आमचे म्हणणे असे: धर्माचा रकाना आपला आहे. त्यात काय लिहायचे ते आपण ठरवतो, आणि सांगितलेला धर्म जसाच्या तसा लिहिणे प्रगणकावर बंधनकारक आहे. अनुसूचित जातीचा रकाना राज्यसंस्थेचा आहे. तुमच्यावर पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या नावाने अन्याय झाला, एवढेच तो विचारतो. १९९० च्या दुरुस्तीचा अर्थच हा की बौद्ध असणे आणि अनुसूचित जातीत असणे एकाच वेळी कायदेशीर आहे. त्यासाठी लोक तुरुंगात गेले. मिळालेली गोष्ट न वापरणे हा त्याग नव्हे, नुकसान आहे. म्हणून धर्म ‘बौद्ध’. अनुसूचित जातीचे आहात का, तर ‘होय’. आणि जातीचे नाव यादीत आहे तेच. मातंग, चर्मकार किंवा अन्य समाजांतून धम्मात आलेल्या बांधवांनी आपापल्या जातीचे नाव सांगावे. त्यांनी ‘महार’ लिहिण्याची गरज नाही आणि त्यांना कुणी तसे सुचवूही नये.

दाखल्यांबद्दलचा गोंधळही इथेच दूर व्हावा. १९४८ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे एका व्यक्तीची जनगणनेतली नोंद कुणाला पाहता येत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे जनगणनेत ‘बौद्ध’ सांगितल्याने जातीचा दाखला धोक्यात येत नाही. केंद्राच्या नोकरीसाठी बौद्धांना वेगळ्या नमुन्यातला दाखला लागतो, पण तो तहसीलचा विषय आहे, प्रगणकाशी त्याचा संबंध नाही.

भाषेच्या प्रश्नात ‘पाली’ लिहा, अशी हाक काही ठिकाणी दिली जाते. ३ ऑक्टोबर २०२४ ला पालीला आणि मराठीला एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला याचा आनंद आहेच. मात्र वंदनेपलीकडे पाली येत नसेल तर ती येते असे लिहू नये. खोटे न बोलण्याचे शील आपण रोज घेतो.

काठीबद्दल अजिबात न बोलता पुढे जाणे बरे दिसणार नाही. नवबौद्धांना राज्यात सवलती देणारे यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६६ मध्ये देशाचे गृहमंत्री झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १९६७ मध्ये, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा म्हणजे यूएपीए आला. २६/११ नंतर, २००८ च्या अखेरीस एनआयए कायदा झाला. या दोन कायद्यांची सांगड भीमा-कोरेगावच्या प्रकरणात पडली: राज्यात सरकार बदलल्यावर, जानेवारी २०२० मध्ये, केंद्राने तो तपास एनआयएकडे घेतला. डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, जामिनावर बाहेर आले. तारखा कुणी मुद्दाम जुळवलेल्या नाहीत, तरी त्या विसरता येत नाहीत. यावर पुष्कळांनी लिहिले आहे, लिहीत राहतील. गृहमंत्र्याच्या खुर्चीवर मराठी माणसे चार बसली: दोन चव्हाण, शिवराज पाटील आणि सुशीलकुमार शिंदे. शिंदे तर अनुसूचित जातीतून वर आलेले. खात्याचा स्वभाव त्यामुळे बदलल्याचे दिसले नाही.

याच मंत्रालयाची आणखी एक मोजणी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अनुसूचित जातींवरच्या गुन्ह्यांचा आकडा देतो. २०२१ मध्ये तो ५०,९०० होता, २०२२ मध्ये ५७,५८२. पण हा आकडा ठाण्यात नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचा आहे. जी फिर्याद कागदावर आलीच नाही ती त्यात नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने दर तीन महिन्यांनी बसायचे असते, ते याचसाठी. समितीवरच्या आपल्या सदस्यांनी तिथे चहा पिऊन परत न येता तालुकावार यादी मागावी.

आता कामाचे. जिल्ह्यात १३ तालुके आहेत. प्रगणक बहुतेक शिक्षक असतील, त्यांच्यावर शाळेचे ओझे असतेच, त्यांच्याशी भांडण काढण्यात अर्थ नाही. प्रत्येक विहारात एक बैठक पुरते: घरातल्या बाईला काय सांगायचे ते माहीत असावे, कारण दुपारी दार तीच उघडते. पुरुष माणसे मोर्चात घोषणा देतात आणि प्रगणक येतो तेव्हा शेतात असतात. उत्तर दिल्यावर काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगावे. यंदा मोबाइलवरून स्वतः माहिती भरण्याचीही सोय आहे. शिकलेल्या पोरापोरींनी वस्तीतल्या म्हाताऱ्यांची माहिती त्यांच्यासमोर बसून भरून द्यावी. जातीचा रकाना मोकळा सोडू नये, ‘इतर’ म्हणू नये.

सगळ्यात अवघड प्रश्न फेब्रुवारीचा आहे. त्या महिन्यात आपल्या वस्त्या भरलेल्या नसतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामावर गेलेली कुटुंबे तोवर परतलेली नसतात. आजवरच्या जनगणनेची पद्धत अशी की मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो माणूस घरी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. म्हणजे सिंदखेडराजाचे कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात कुठल्याशा कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या खोपीत मोजले जायला हवे. तिथला प्रगणक त्या तळावर जाईल का, गेला तर पहाटेच फडात गेलेली माणसे त्याला भेटतील का, आणि भेटली तर तो धर्म-जात नीट विचारील का? मुकादमाकडून नुसती डोकी मोजून निघून गेला तर काय? अशा कुटुंबांची गाववार यादी, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कारखान्यावर, कुणाच्या टोळीत, ही आत्ता दिवाळीआधी करता येते. एकदा गाड्या सुटल्या की गावात उरते ते दाराला लावलेले कुलूप, आणि प्रगणक त्यावर ‘बंद घर’ एवढेच लिहितो.